आइसलंडच्या वाफाळत्या डोंगरांतून चार दिवस: लोयगावेगुर ट्रेक लहान गटाबरोबर कसा करावा

लोयगावेगुर ही आइसलंडमधली सगळ्यात नावाजलेली डोंगरवाट. लांडमान्नालोयगारला सुरू होते, थोर्समोर्कच्या दरीत संपते. अंतर साधारण ५५ किलोमीटर, दिवस चार. रोज बारा ते सोळा किलोमीटर चाल. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतात, आणि नुसत्या अंतराचा विचार केला तर ते खरंही आहे. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्या माणसाला इथला चढ जड जाणार नाही.

जड जाते ती इथली जमीन. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवाला, त्यावर पाय ठेवला की ठेवला. लोयगावेगुरचा पहिला दीड दिवस मात्र तोर्फायोकुल या जिवंत ज्वालामुखीच्या पोटातून जातो. त्याचं कॅल्डेरा, म्हणजे खचलेलं मुख, सुमारे १८ किलोमीटर लांब आणि १२ किलोमीटर रुंद आहे, आणि आइसलंडमधलं सर्वांत मोठं भूऔष्णिक क्षेत्र याच्याच आत आहे. शेवटचा उद्रेक १४७७ चा, पण खालची धग गेलेली नाही. दोन पावलांवर उकळतं पाणी, त्याच्या बाजूला गेल्या हिवाळ्याचा बर्फ आणि मध्ये ओली पिवळी माती, अशी ती वाट आहे.

वाटेवर खुणेचे खांब आहेत, मुक्कामाला हट आहेत, आणि अनुभवी लोक स्वतःहून जातातही. तरी पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी ट्रेकरला मी ठामपणे सांगेन: मार्गदर्शक असलेला लहान गट घ्या. खांब वाट दाखवतात. कालच्या उन्हाने कुठला बर्फ पोकळ झाला ते दाखवत नाहीत.

गट निवडताना काय विचारायचं

गट आठ ते बारा जणांचा असेल तर उत्तम. सोळाच्या वर गेला की शेवटच्या माणसापर्यंत सूचना पोचत नाही, आणि या वाटेवर शेवटच्या माणसाचाच पाय चुकीच्या जागी पडतो. नाव नोंदवण्याआधी काही प्रश्न लेखी विचारून घ्या. मार्गदर्शकाचं दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का? ही वाट त्याने याआधी केली आहे का? नेटवर्क नसेल तिथे संपर्क कशाने करणार: सॅटेलाइट फोन, वायरलेस की काहीच नाही? हवामान फिरलं तर पर्याय काय, आणि मागे फिरायचा निर्णय कोण घेणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. “आम्ही नेहमी पूर्ण करतो” असं कोणी अभिमानाने सांगत असेल तर मी त्या गटात नाव घालणार नाही. “वारा अमुक झाला तर हटमध्येच थांबतो, त्याचा खर्च असा विभागतो” असं सांगणारा माणूस कामाचा.

सामानाचीही चौकशी करा. बऱ्याच सहलींत मोठी बॅग जीपने पुढच्या मुक्कामाला जाते आणि पाठीवर फक्त दिवसाची सॅक राहते. काही सहलींत सगळं आपणच वाहायचं असतं. दोन्हींच्या किमतीत फरक असतो आणि गुडघ्यांवरच्या भारातही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी जीपवाला पर्यायच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

वाटेवरचे बहुतेक हट फेर्दाफेलाग ईस्लांड्स या १९२७ पासूनच्या भटकंती संस्थेचे आहेत. जागा मोजक्या असतात आणि कित्येक महिने आधी भरतात. गटाबरोबर जाण्याचा हा मोठा व्यवहारी फायदा, कारण ती आरक्षणं आयोजकांनी आधीच केलेली असतात. तंबूची सोय हटच्या आवारातच असते. वाटेत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही.

कधी जायचं

उंचावरचे कच्चे रस्ते साधारण जूनच्या अखेरीस उघडतात आणि सप्टेंबरच्या मध्याला हंगाम आवरतो. जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टचा पहिला, हा माझ्या मते उत्तम काळ. जूनच्या शेवटी रात्र होतच नाही, ते आकर्षण मोठं. पण तेव्हा पहिल्या दिवसाची निम्मी वाट बर्फाखाली असते. ऑगस्ट उतरतीला लागला की रात्री पुन्हा अंधारतात आणि वारे वाढतात.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. तो घेताना त्यात ट्रेकिंग आणि डोंगरातून बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का ते कागदावर बघा, एजंटच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. उन्हाळ्यात व्हिसाच्या तारखांना गर्दी असते, म्हणून हट आणि व्हिसा ही दोन कामं सर्वांत आधी.

अंगाची तयारी आणि कपडे

तीन महिने पुरतात. आठवड्यात दोनदा जिने किंवा टेकडी, शनिवार-रविवारी पाठीवर आठ-दहा किलो घेऊन सिंहगड किंवा तशीच चढाई. एकदा तरी सलग दोन दिवस चाला, कारण दुसऱ्या सकाळी आखडलेल्या पायांनी निघायची सवय लागते. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करा. घसाऱ्यावरून उतरताना मागे रेलायचं नाही, वजन पुढच्या पायावर ठेवायचं, हे अंगवळणी पडलेलं हवं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र पावसाळी ट्रेकचा अनुभव फसवतो. जुलैत हरिश्चंद्रगडावर आपण दिवसभर भिजतो आणि खाली येऊन चहा पितो, काही होत नाही, कारण हवा वीस अंशांच्या आसपास असते. इथे पाऊस पाच अंशांत पडतो, तोही आडवा. सुती टी-शर्ट भिजला की अंगातली ऊब शोषून घेतो. सुती काही नको, जीन्स तर नकोच नको. आत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिकचा थर, त्यावर फ्लीस, सर्वांत बाहेर शिवणी सीलबंद असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तशीच पँट. पोंचो आणि छत्री घरी ठेवा. वाऱ्यात पोंचोचं शीड होतं आणि माणूस कड्याकडे ढकलला जातो.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, किमान महिनाभर वापरून मऊ केलेले. ट्रेकिंग पोल दोन घ्या. नद्या ओलांडायला मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने पळायचे बूट, आणि मिळाले तर निओप्रीनचे मोजे. उबदार टोपी, दोन जोड हातमोजे, स्लीपिंग बॅग (हटमध्ये गादी मिळते, पांघरूण नाही), कानात घालायचे बोळे आणि उजेडात झोपण्यासाठी डोळ्यांवरची पट्टी. पोहण्याचे कपडे विसरू नका. चांदीच्या अंगठ्या आणि पैंजण मात्र काढून ठेवा, गंधकयुक्त वायूने चांदी काळी पडते.

हटमध्ये गॅस, भांडी असतात, पण खायला विकत मिळेलच असं नाही. सहलीत जेवण धरलेलं असलं तरी आपला थोडा शिधा जवळ असावा: मेतकूट, चटण्या, गुळाची चिक्की, डिंकाचे लाडू, गरम पाणी ओतलं की होणारे पोहे-उपमा. मांस आणि कच्च्या दुधाच्या पदार्थांवर आइसलंडमध्ये कडक निर्बंध आहेत, तेव्हा सीमाशुल्काचे नियम निघण्याआधी वाचा. शाकाहारी असाल तर आयोजकांना “अंडं चालतं की नाही” इतकं स्पष्ट लिहून कळवा.

पहिला दिवस: जमीन वाचायला शिकणं

रेक्याविकहून बसने साधारण चार तासांत लांडमान्नालोयगार. उंची सुमारे ६०० मीटर. इथून ह्राफ्नतिन्नुस्केरच्या हटपर्यंत बारा किलोमीटर, आणि हट हजार मीटरच्या वर. सुरुवातच लोयगाह्रोयनच्या लाव्ह्यातून होते. १४७७ चा हा लाव्हा ऑब्सिडियनने भरलेला आहे, काचेसारखा चकाकणारा काळा दगड. तुकडा फुटला की कड पात्यासारखी धारदार, त्यामुळे हात टेकताना हातमोजे असू द्यात. दगड खिशात घालायचा नाही. हा भाग १९७९ पासून राखीव आहे.

लाव्हा संपला की ब्रेन्निस्तेन्साल्दाचा डोंगर समोर येतो, आणि इथून सगळ्यांचे कॅमेरे बाहेर निघतात. सह्याद्रीचा बेसॉल्ट काळा, हा दगड रायोलाइट, सिलिका जास्त म्हणून रंगाने फिका. त्यातून हजारो वर्षं गरम, आम्लयुक्त वाफ झिरपली. लोह गंजलं तिथे तांबडा पट्टा, गंधक साचलं तिथे पिवळा, खडकाची माती झाली तिथे पांढुरका-करडा. म्हणजे हे रंग खाली काय चाललंय त्याचा पुरावा आहेत, आणि मार्गदर्शक हेच वाचत पुढे जात असतो.

वाचायचं कसं, ते थोडं सविस्तर.

वाटेवरची तुडवलेली, खडेमिश्रित, करडी-तपकिरी जमीन भरवशाची. तिच्या कडेला पांढरी, राखाडी किंवा निळसर मऊ माती दिसली, गवताचं पातंही नसलं आणि पृष्ठभाग किंचित ओलसर चमकत असला, तर ती माती म्हणजे वाफेने शिजून चिकणमाती झालेला खडक. वरचा थर पापुद्र्यासारखा पातळ असतो, खाली उकळता चिखल असू शकतो. वाफ दिसत नाही म्हणून जागा थंड आहे असं समजायचं नाही. कोरड्या, उन्हाच्या दिवशी वाफ नजरेला येण्याआधीच विरते. दमट, गार हवेत तीच जागा ढगासारखी धुमसते. झऱ्याच्या कडेला बूट टेकवून आत डोकावणं म्हणजे पोखरलेल्या काठावर उभं राहणं. फोटो काढायचा तर दोन पावलं मागून, झूम करून.

एकेरी रांग हा नियम इथे शिस्तीसाठी केलेला नाही. मार्गदर्शकाच्या पाऊलखुणेतच पाऊल टाकायचं, दोन माणसांत दोन पोलइतकं अंतर ठेवायचं, आणि पुढच्याने हात वर केला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. बाजूला सरून थांबायचं नाही, कारण बाजूचीच जमीन वाईट असते.

हटच्या अलीकडे काही किलोमीटरवर स्तोरीक्वेर हा मोठा उकळता झरा येतो. आधी कुजक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास, मग जमिनीतून येणारी घरघर, मग पांढऱ्या वाफेचा लोट. इथलं पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं, कारण उंचीमुळे हवेचा दाब कमी. गटातला चष्मेवाला माणूस वाफेत शिरला की क्षणात आंधळा होतो. त्याने तिथेच थांबावं, चष्मा उतरवावा, आणि वाऱ्याने वाफ बाजूला केल्यावरच पाऊल उचलावं. वारा येतो त्या बाजूने, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाईल असा, झरा पाहायचा. खोलगट जागेत बसून डबा उघडायचा नाही. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगटात साचतो, आणि फार दाट झाला तर नाक त्याचा वास घेणंच सोडून देतं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर उंच, वाऱ्याच्या जागी निघून जायचं.

स्तोरीक्वेरच्या पुढे बर्फाचे पट्टे लागतात, ते भर उन्हाळ्यातही. बर्फाखालून गरम ओढा वाहत असेल तर बर्फ खालून वितळतो आणि वर कमान उरते. कमानीच्या मध्यावर बर्फ काळपट, खचका दिसतो, कडेला वाफेची बारीक भोकं असतात. मार्गदर्शक पोल खुपसत पुढे जातो. पोल दांड्यापर्यंत सहज आत गेला तर वळसा. दोन मिनिटं वाचवायला कोणी सरळ निघालं तर त्याला हाक मारून थांबवा, मग तो गटातला सर्वांत ज्येष्ठ माणूस का असेना. आसपास गरम झऱ्यांनी कोरलेल्या बर्फाच्या गुहाही दिसतात. त्यांच्या तोंडाशीही जायचं नाही. छत कधी कोसळेल याला नियम नाही.

इथे एक स्मारक आहे. जून २००४ मध्ये एक तरुण ट्रेकर वादळात सापडून हटच्या अगदी जवळ मरण पावला. धुक्यात इतक्या जवळचा हटही दिसत नाही. म्हणून या दिवशी धुकं असेल तर खांब दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि कुणी अडखळायला, बोलताना जड जिभेने बोलायला लागलं तर लगेच मार्गदर्शकाला सांगायचं. अंग गारठल्याची ती खूण. त्याला कोरडे कपडे, वाऱ्याचा आडोसा आणि गोड, गरम पेय हवं.

भाजलंच तर

पाय आत गेला तर पहिली धडपड बाहेर काढण्याची, दुसरी बूट-मोजा उतरवण्याची. ओला मोजा उष्णता धरून ठेवतो. कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढायचं नाही. मग भाजलेल्या भागावर थंड, स्वच्छ पाणी पूर्ण वीस मिनिटं. बर्फ थेट लावायचा नाही. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यातलं काहीही नाही. वीस मिनिटं पाणी ओतताना उरलेलं अंग जॅकेट आणि स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून ठेवा, नाहीतर भाजलेला माणूस गारठतो. नंतर स्वच्छ प्लॅस्टिकची पातळ फिल्म सैल झाकायची, आणि ११२. आइसलंडचा हा एकच आपत्कालीन क्रमांक. तोवर मार्गदर्शकाला आकड्यांत सांगता यावं म्हणून किती वाजता भाजलं ते कोणीतरी लिहून ठेवा.

दुसरा दिवस: उतार आणि पहिली नदी

ह्राफ्नतिन्नुस्केर सोडल्यावर अजून तास-दोन तास वाफा सोबत करतात, आणि मग योकुल्तुंगुरचा उतार येतो. समोर हिरवा मुलूख, मध्ये आउल्फ्तावाट्नचं तळं, मागे हिमनद्या. सगळ्या वाटेतलं हे दृश्य मला सर्वांत जास्त आवडतं. पण उतार तीव्र आहे, माती भुसभुशीत, पाऊस असेल तर तळव्याला लोण्यासारखी चिकटत जाणारी. पोल थोडे लांब करा, पावलं लहान ठेवा, दगड सुटला तर मोठ्याने ओरडा.

खाली ग्रासहागाक्वीस्ल ही पहिली नदी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी. त्यात ब्लाउफ्यात्लाक्वीस्ल सर्वांत गार आणि जोरकस. रीत ठरलेली आहे. काठावर बूट काढून सॅकला बांधायचे, लांब पँट उतरवायची, सँडल घालायच्या. अनवाणी कधीही नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलो तर सॅक सोडता येते. नदी जिथे रुंद पसरली आहे तिथे उथळ असते, अरुंद जागा मोहात पाडते पण तीच खोल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, पाय न उचलता सरकवत, किंचित खालच्या दिशेने तिरपं जायचं. नजर पायाशी वाहत्या पाण्यावर ठेवली तर घेरी येते, समोरच्या काठावर ठेवा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर तिघा-चौघांनी दंडात दंड अडकवून, सर्वांत मजबूत माणूस वरच्या बाजूला.

हिमनदीचं पाणी दुपारनंतर वाढतं, कारण दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळलेला असतो. म्हणून मार्गदर्शक सकाळी लवकर निघायची घाई करतो. त्या घाईला साथ द्या.

तिसरा आणि चौथा दिवस

रंग संपतात, काळी वाळू सुरू होते. स्तोरासूलासारखे हिरवे सुळके आणि मध्ये उघडं माळरान, वारा सुटला तर वाळू डोळ्यांत जाते, म्हणून गॉगल आणि नाका-तोंडाला बफ. एम्स्त्रुरच्या मुक्कामावरून संध्याकाळी मार्कारफ्ल्योट नदीची घळ बघायला जा. काही ठिकाणी सुमारे २०० मीटर खोल, आणि काठ ठिसूळ, तेव्हा पोटावर झोपूनही कडेला जायचं नाही.

कात्ला ज्वालामुखी जवळच्याच मीर्दाल्सयोकुलच्या बर्फाखाली आहे. तिचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ चा. उद्रेक झाला तर बर्फ वितळून प्रचंड पूर येतो, म्हणून फोनवर धोक्याचा संदेश आला तर सखल भाग सोडून उंचावर जायचं, आणि संदेश मिळावा म्हणून फोन चालू ठेवायचा. थंडीत बॅटरी लवकर उतरते. रात्री फोन स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

चौथ्या दिवशी थ्रोंगाउ नदी ओलांडली की बर्च झाडांचं रान. चार दिवस झाड न बघितलेल्या डोळ्यांना ते किती गर्द वाटतं! थोर्समोर्कहून पुढे फिम्मवोर्दुहाउल्सची खिंड ओलांडून स्कोगारला जाणारी सुमारे २५ किलोमीटरची वाट आहे, २०१० च्या उद्रेकातल्या दोन नव्या विवरांजवळून. पाय शाबूत असतील आणि हवामान साथ देत असेल तरच तिचा विचार करा.

गरम पाण्यात उतरायचं असेल तर

लांडमान्नालोयगारला गरम आणि गार प्रवाह एकत्र येतात तिथला डोह अंघोळीसाठी आहे. ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी पोचलात तर जरूर उतरा. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्याला वाटेल, पाण्याचा ताप हाताला कळतो. इथे एकाच डोहात चार हातांवर तापमान बदलतं, म्हणून उगमाच्या बाजूला सरकायचं नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणपक्ष्यांवरच्या एका परजीवीमुळे अंगाला खाज सुटू शकते. बाहेर आल्यावर लगेच अंग खसखसून पुसा. वाटेवरच्या इतर कुठल्याही झऱ्यात, ओढा कितीही कोमट लागला तरी, मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय पाय घालू नका. खाली कोमट असलेला ओढा वळणापलीकडे उकळत असू शकतो.

वाटेवरच्या शेवाळावर पाय देऊ नका. उखडलेलं शेवाळ भरून यायला दशकं लागतात. कागद, ओले टिश्यू, चिक्कीचं वेष्टण, सगळं झिपच्या पिशवीत घालून परत आणायचं. निघण्यापूर्वी प्रवासाचा बेत सेफट्रॅव्हल या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठीच्या संकेतस्थळावर नोंदवा, आणि रोज सकाळी आइसलंडच्या हवामान खात्याचा अंदाज मार्गदर्शकाबरोबर स्वतःही बघा.

थोर्समोर्कहून परतीची बस मोठ्या चाकांची असते, कारण रस्त्यात क्रोसाउसारख्या नद्या पुलाशिवाय ओलांडाव्या लागतात. पाणी वाढलं तर बस थांबते, कधी पुढच्या दिवसावर जाते. म्हणून घरचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका. रेक्याविकमध्ये मध्ये एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा. बूट वाळवायला, ओली स्लीपिंग बॅग मोकळी करायला आणि उशीर झालाच तर तो पचवायला तेवढा वेळ लागतो.